सोडलेला मासा आणि जन्मलेला मासा

(वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे)

मे संपत आला की मासेमारीविषयीची पत्रे वाढतात. यंदा कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातून आलेल्या पत्रांत एक घोटाळा पुन्हा पुन्हा दिसला. तलावाचा नियम नदीला लावला जातो आणि नदीचा तलावाला. म्हणून प्रत्येक उत्तराच्या मुळाशी आम्ही एकच प्रश्न ठेवला आहे: तुमच्या पाण्यातला मासा तिथेच जन्मतो, की बाहेरून आणून सोडलेला असतो?

प्रश्न (हुक्केरी तालुका): आमच्या सोसायटीकडे तलाव ठेक्याने आहे. दरवर्षी रोहू, कटला, मृगळचं बीज (लहान पिल्लं) सोडतो, तरी माल घटतोय. एका प्रशिक्षणात ऐकलं की निम्मा साठा पाण्यात ठेवला तर जास्तीत जास्त शाश्वत, म्हणजे साठा न घटता दरवर्षी मिळणारं, उत्पादन मिळतं. मग निम्मे मासे न धरता ठेवायचे का?

उत्तर: नाही. तो नियम खरा आहे, पण तुमच्या तलावाचा नाही. रोहू, कटला आणि मृगळ साचलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना पुराचे वाहते पाणी लागते. म्हणून तर १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधरी यांनी पिट्यूटरी ग्रंथीचा अर्क टोचून या माशांचे प्रजनन घडवले, ते इतके मोलाचे ठरले. आज १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. तेव्हा तलावात निम्मा कटला राखून ठेवला तर तो म्हातारा होईल, पिल्ले देणार नाही. तुमच्या तलावाचा हिशेब तीनच गोष्टींचा आहे: किती बीज सोडले, किती जगले आणि कोणत्या वजनाला धरले.

हिशेब असा मांडा. तलाव भरल्यावर ६० हेक्टर आणि उन्हाळ्यात २० हेक्टर उरत असेल, तर सरासरी ४० हेक्टर धरा. भरल्या तलावाचा आकडा धरून बीज सोडणे ही नेहमीची चूक. हेक्टरी १५० किलो अपेक्षित असतील तर एकूण ६,००० किलो. सरासरी ७५० ग्रॅमचा मासा धरायचा म्हणजे ८,००० मासे जाळ्यात यायला हवेत. सोडलेल्यांपैकी शेकडा ४० हाती लागत असतील, तर २०,००० बोटुकली (बोटाएवढे वाढलेले बीज) सोडावी लागेल. शेकडा १० च लागत असतील, तर त्याच मालासाठी ८०,०००. इथले १५० आणि ४० हे आकडे उदाहरणापुरते आहेत. खरे आकडे तुमच्या गेल्या तीन वर्षांच्या वहीतून काढायचे. वही नसेल तर याच वर्षी सुरू करा.

हाती लागण्याचे प्रमाण बीजाच्या आकारावर सगळ्यात जास्त हलते. तीन-चार सेंटिमीटरचे बीज स्वस्त पडते, पण मरळ आणि पाणकावळे यांच्यापुढे ते टिकत नाही. आठ ते दहा सेंटिमीटरची बोटुकली घ्या. तेवढी मिळत नसेल, तर लहान बीज काठाजवळच्या उथळ पाण्यात बारीक जाळीच्या घेरात दोन-तीन महिने वाढवा, पेंड आणि भाताचा कोंडा द्या आणि मगच मोकळे सोडा.

मोजणी डोळ्यांदेखत करून घ्या. चाळणीच्या वाटीने मोजतात तेव्हा पहिलीच वाटी मोजून गुणाकार करू देऊ नका. मधलीच कोणतीही एक सांगा आणि तिच्यातले बीज एकेक मोजा. पिशव्या आल्या की तोंड न उघडता पंधरा-वीस मिनिटे तलावाच्या पाण्यावर तरंगत ठेवा, मग थोडे थोडे तलावाचे पाणी आत घ्या. ट्रकमधून उतरवून थेट ओतलेले बीज तळाशी जाऊन मरते. ते वर तरंगत नाही, म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही.

वेळही पाहा. सांडव्यावरून पाणी जात असताना सोडलेले बीज पाण्याबरोबर खाली जाते. सांडवा थांबला की सोडा, सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर. सांडव्याला बारीक जाळी बांधायचा मोह आवरा. पालापाचोळा अडकून पाणी तुंबले तर बांध फुटतो. मोठ्या आसाची, म्हणजे मोठ्या भोकांची, जाळी लावा आणि ती साफ करायला माणूस नेमा.

ठेक्याच्या शेवटच्या वर्षी लहान-मोठे सगळे ओरबाडून काढायची पद्धत बऱ्याच ठिकाणी दिसते. ठेका पुन्हा मिळेल याची खात्री नसली की माणूस तसेच करणार, त्यात नवल नाही. सोसायटीने शेवटच्या वर्षी उशिरा बीज सोडायचे टाळावे आणि नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या बराच आधी तालुक्याच्या फिशरीज ऑफिसात द्यावा. अर्ज कन्नडमध्ये करा आणि पोच घ्या.

प्रश्न (खानापूर तालुका): पहिल्या मोठ्या पावसात आमच्या ओढ्याला चढणीचे मासे येतात. अख्खा गाव धरतो, आज्याच्या काळापासून. आता मासे पूर्वीसारखे येत नाहीत. फिशरीज ऑफिसकडून बीज आणून ओढ्यात सोडलं तर भागेल का?

उत्तर: बीज सोडून भागणार नाही. ओढ्याचा मासा जन्मलेला मासा आहे, आणि तो जिथे जन्मतो तीच वाट आपण अडवतो.

चढणीचा मासा खायला वर येत नाही, अंडी घालायला येतो. नवे गढूळ पाणी आले की मादी डोहातून निघते, प्रवाहाविरुद्ध चढते आणि उथळ पाण्यात, बुडालेल्या गवतात, शेताच्या कडेला अंडी सोडते. पोटात गाभोळी असलेली मादी या प्रवासात धरली तर एक मासा जातो असे नाही. एक किलो वजनाच्या रोहूच्या मादीत दोन-तीन लाख अंडी असतात. ओढ्याचे मासे लहान, त्यांची अंडी कमी; पण मादी जितकी मोठी तितकी अंडी जास्त, हा नियम सगळ्यांना लागू आहे.  म्हणून चढणीला मोठी मादी धरण्याचे नुकसान सगळ्यात मोठे.

आता पहिल्या पत्रातल्या ‘निम्म्या साठ्या’कडे येऊ, कारण तो नियम इथे लागतो. समजा एका नदीपट्ट्यात कोणी मासा मारलाच नाही तर १०,००० किलो मासा मावतो. साठा भरलेला असतो तेव्हा खाद्य-जागा पुरत नाही, वाढ मंदावते. साठा फार कमी झाला की अंडी घालणारेच उरत नाहीत, तेव्हाही वाढ मंदावते. ठोकळ गणिताने ८,००० किलो साठा वर्षाला ६४० किलो वाढ देत असेल, तर ५,००० किलोचा साठा १,००० किलो देतो आणि २,००० किलोचा साठा पुन्हा ६४०. म्हणजे ८,००० आणि २,००० या दोन्ही साठ्यांतून दरवर्षी ६४० किलोच मिळतात. फरक मेहनतीत पडतो. २,००० किलोच्या विरळ साठ्यातून तेवढाच मासा काढायला चौपट जाळी किंवा चौपट रात्री लागतात. तुमच्या गावात ‘मासे मिळतात, पण पूर्वीपेक्षा खूप राबावं लागतं’ असे ऐकू येत असेल, तर तुम्ही या खालच्या बाजूला आहात.

आणि पूर्ण १,००० किलो काढायच्या मागे लागू नका. पाऊस कमी झालेल्या वर्षी वाढ ६०० किलोच होते, आपण १,००० काढतो, साठा घसरतो; पुढच्या वर्षी वाढ आणखी कमी, काढतो तेवढेच. अशी तीन वर्षे गेली की साठा सहजी वर येत नाही. सातशे-आठशेवर थांबणे हे शहाणपणाचे.

गावाने ठरवायच्या गोष्टी महत्त्वाच्या क्रमाने सांगतो. पहिली: ओढा आडवा बांधून सापळा लावायचा नाही. सापळा ओढ्याच्या एका बाजूला, निम्मी रुंदी मोकळी, आणि मोकळी बाजू मुख्य धारेची. दुसरी: चढण सुरू झाल्यापासूनचे पहिले काही दिवस कोणीही धरायचे नाही, कारण तयार झालेल्या मोठ्या माद्या बहुधा आधी चढतात. तिसरी: अंडी घालून परतणारे मासे धरायचे असतील तर धरा, पण सापळ्याच्या कामट्यांत बोट जाईल एवढी फट ठेवा. सप्टेंबर-ऑक्टोबरात पाणी ओसरताना त्याच वाटेने पिल्ले उतरतात, आणि मच्छरदाणी लावलेल्या सापळ्यात ती किलोने सापडतात.

चौथी गोष्ट गावाच्या हातात पूर्ण नाही, तरी पाठपुरावा करा. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) पावसाआधी निघायला हवेत. बरगे जूनच्या मध्यापर्यंत तसेच राहिले तर खालून आलेला मासा भिंतीपाशी अडतो, तिथेच घोटाळतो आणि तिथेच धरला जातो. कणकुंबीजवळ उगम पावणारी मलप्रभा पुढे नविलतीर्थाच्या जलाशयात जाते. खालच्या पाण्यातल्या माशाला वरची वाट मोकळी लागते.

उन्हाळ्यासाठी एक तरी डोह राखा. नदी आटली की अख्ख्या पट्ट्याचा बीजसाठा दोन-तीन डोहांत गोळा होतो. तो डोह एका रात्री जिलेटिनने किंवा ब्लीचिंग पावडरने मारला की पुढच्या पावसात चढायला कोणी उरत नाही. स्फोटके आणि विष वापरणे १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यापासून गुन्हा आहे. कर्नाटकात अंतर्गत मासेमारीसाठी १९९६ चा स्वतंत्र कायदाही आहे. पण डोह खऱ्या अर्थाने राखतो तो गावच. शृंगेरीला तुंगेत आणि शिशिलला कपिलेत देवळापुढचे मासे कोणी मारत नाही, म्हणून तिथे मोठमोठे महाशीर दिसतात. आपल्याकडचा खडशी हा महाशीरच. वाहते स्वच्छ पाणी आणि खोल डोह असला तरच तो टिकतो.

ओढ्यात रोहू-कटलाचे बीज मात्र सोडू नका. आपल्या ओढ्याच्या माशांच्या तोंडचे खाद्य जाईल आणि चढण परत येणार नाही.

प्रश्न (चिक्कोडी तालुका): सोसायटीत ठराव करायचा आहे. गिलनेटचा (पाण्यात उभ्या लावायच्या जाळ्याचा) आस किती ठेवावा? दुकानदार एक सांगतो, पलीकडच्या गावचे दुसरंच सांगतात.

उत्तर: आकडा दुकानदाराकडून घेऊ नका, माशाकडून घ्या. आधी ठरवा की कोणत्या वजनाखालचा मासा जाळ्यातून निसटायला हवा. समजा अर्धा किलो. अर्ध्या किलोचे पाच-सहा मासे घ्या आणि पाठीवरच्या पंखाच्या सुरुवातीला, जिथे अंग सगळ्यात जाड आहे तिथे, सुती दोरा एक वेढा गुंडाळा. दोरा सरळ करून पट्टीवर मोजा. घेर २२ सेंटिमीटर भरला तर आस त्याच्या निम्मा, म्हणजे ताणून ११ सेंटिमीटर हवा. कारण ताणलेल्या आसाची लांबी दुप्पट केली की त्याचा आतला घेर मिळतो. तेवढ्या घेराचा मासा पार जातो, त्याहून मोठा गालफडामागे अडकतो. रोहू आणि कटला दोन्ही मोजा. कटला अंगाने रुंद असल्याने तोच आस दोघांना सारखा बसत नाही. ज्याचा माल तुमच्याकडे जास्त, त्याला धरून ठरवा.

आस मोजताना जाळे ओले असावे. एका ओळीतले दहा आस ताणून धरा, गाठीच्या मध्यापासून गाठीच्या मध्यापर्यंत मोजा आणि दहाने भागा. एकच आस मोजून भांडणे होतात.

ठरावात आणखी एक ओळ घाला, ती सहसा विसरली जाते: जाळे दोरीवर किती सैल भरायचे. १०० मीटर ताणलेले जाळे ५० मीटर दोरीवर भरले तर आस नीट उघडतो. त्याहून सैल भरले की आस कितीही मोठा असो, लहान मासा पंखाने, दाताने गुरफटतो आणि तुमचा ठराव कागदावर राहतो. तुटून हरवलेले नायलॉनचे जाळेही मासे मारतच राहते. ज्याचे हरवले त्याने दुसऱ्या दिवशी कळवायचे आणि सगळ्यांनी मिळून गळ टाकून काढायचे.

तिलापियाला (चिलापी) मात्र या ठरावातून वगळा. १९५२ साली भारतात आणलेला हा मासा दोन-तीन महिन्यांतच वयात येतो. मादी अंडी तोंडात सांभाळते, त्यामुळे पिल्ले मोठ्या संख्येने जगतात, आणि गर्दी झाली की सगळेच बोटभर राहतात. त्याच्यासाठी लहान आसाचे जाळे काठालगत, उथळ पाण्यात आणि बोटुकली सोडायच्या आधीच्या महिन्यांत चालवा. तेव्हा काठावर सोडलेले कटलाचे बीज नसते.

प्रश्न (सौंदत्ती तालुका): गेल्या एप्रिलात एका जाळ्याला नोव्हेंबरच्या दुप्पट मासे लागले. म्हणजे जलाशयातला मासा वाढला, असंच ना?

उत्तर: उलटही असू शकते. एप्रिलात पाणी आकसते, तेवढेच मासे कमी जागेत गोळा होतात आणि एका जाळ्याला जास्त लागतात. साठा तोच असतो, कधी कमीही.

या चुकीने जगातली एक मोठी मासेमारी बुडाली. कॅनडाच्या न्यूफाउंडलंडजवळचा कॉड मासा १९६८ मध्ये सुमारे ८ लाख टन पकडला गेला. पुढे साठा घसरत होता, पण उरलेला मासा थव्याने गोळा होत होता आणि बोटींना तो शोधायची यंत्रे मिळाली होती, म्हणून मोठ्या बोटींची पकड चांगलीच दिसत राहिली. १९९२ मध्ये मासेमारी बंद करावी लागली.

वहीत पाच रकाने करा: तारीख, किती मीटर जाळे, किती रात्री, जातवार किलो आणि जलाशयाची पातळी. दर १०० मीटर जाळ्याला एका रात्रीत किती किलो, हा तुमचा आकडा. तो एप्रिलशी एप्रिल आणि जवळपास सारख्या पातळीला ताडून पाहा. सोबत दर महिन्याला एका जातीच्या पन्नास माशांची लांबी मोजा. किलो टिकून असतील पण लांबी वर्षागणिक घटत असेल, तर मासा वाढायच्या आत धरला जातो आहे, आस वाढवा. मोठे मासे आहेत पण लहानच दिसत नाहीत, अशी गोष्ट असेल तर ती जास्त गंभीर. सोडलेल्या जातीत त्याचा अर्थ बीज मेले किंवा आलेच नाही. जन्मणाऱ्या जातीत त्याचा अर्थ वंश खुंटतो आहे, आणि तिथे जाळे बदलून भागत नाही, काही काळ थांबावेच लागते.

प्रश्न (कृष्णाकाठ, रायबाग तालुका): बंधाऱ्याच्या पाण्यात अचानक मासे मरून पडले. कारण कसं ओळखायचं? नदी माशांनी परत कधी भरते?

उत्तर: वेळ आणि आकार पाहा. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील आणि मोठे आधी मरत असतील, तर ऑक्सिजन संपला आहे. लिटरला ५ मिलिग्रॅम ऑक्सिजन असला की मासा निर्धास्त असतो. २ च्या खाली तो तडफडू लागतो. दिवसाच्या कोणत्याही वेळी, लहान मासे आधी, वेडेवाकडे फिरून मरत असतील तर कीटकनाशकाचा संशय घ्या.

उसाच्या पट्ट्यात आसवनीचे (मद्यार्क कारखान्याचे) सांडपाणी आणि साखर कारखान्याची मळी ही मोठी भीती असते. आसवनीच्या सांडपाण्याची जैविक ऑक्सिजनची मागणी (घाण कुजताना पाण्यातला किती ऑक्सिजन खाते ते माप) लिटरला ४०,००० मिलिग्रॅमच्या वर असते. त्यातले थोडेसे जरी अडवलेल्या, उथळ, तापलेल्या पाण्यात मिसळले तरी रात्रीत ऑक्सिजन खलास होतो. बंधाऱ्यातले पाणी वाहत नाही, म्हणून तिथे फटका जास्त.

त्याच तासाला नमुना घ्या, दुपारी घेतलेला उपयोगाचा नाही. ऊन पडले की शेवाळ पुन्हा ऑक्सिजन सोडते. काचेची बाटली पाण्याखालीच भरा, आत बुडबुडा राहू देऊ नका. ऑक्सिजनची तपासणी जागेवरच करावी लागते, म्हणून प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला आणि फिशरीज ऑफिसला लगेच फोन करा आणि तहसीलदारांना लेखी द्या. नुकतेच मेलेले दोन-तीन मासे बर्फात ठेवा. वरच्या अंगाला आणि खालच्या अंगाला, दोन्हीकडचे पाणी वेगळे भरा, म्हणजे घाण कुठून आली ते सिद्ध करता येते. मेलेला मासा विकू नका, खाऊ नका. काढून काठापासून दूर पुरा, नाहीतर तो कुजून उरलासुरला ऑक्सिजन खातो.

नदी भरते ती वरच्या डोहांतून आणि उपनद्यांतून. यदुरजवळ कृष्णेला मिळणाऱ्या दूधगंगेसारख्या नद्यांत मासा शाबूत असेल तर पुराबरोबर तो येतो. मधल्या काळात त्या पट्ट्यातली मासेमारी निदान एक पूर्ण पावसाळा बंद ठेवा, कारण वाचलेले मोजके मासे हेच आता तुमचे बीज आहे.

प्रश्न (बेळगाव शहर): आम्ही फक्त विकत घेऊन खातो. कारवार-गोव्याचा मासा इथे येतो. छोटी सुरमई स्वस्त मिळते, ती घ्यावी का?

उत्तर: घेऊ नये. सुरमई साधारण ७० सेंटिमीटरला वयात येते; हातभरसुद्धा न भरणारी सुरमई एकदाही अंडी न घातलेली असते. बांगडा लवकर वाढतो, पहिल्याच वर्षात वयात येतो, साधारण १९ सेंटिमीटरला. केरळने २०१५ मध्ये बांगड्याची किमान लांबी १४ सेंटिमीटर ठरवली, ती अगदी खालची मर्यादा म्हणून. बाजारात मोजपट्टी नेण्याची गरज नाही. करंगळी ते अंगठा अशी पसरलेली वीत लावा: बांगडा वीतभर असावा, सुरमई साडेतीन विती.

१ जून ते ३१ जुलै कर्नाटक आणि गोव्याच्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना बंदी असते. त्या ६१ दिवसांत इथे येणारा समुद्री मासा बहुतेक बर्फातला, पूर्व किनाऱ्यावरचा किंवा लहान होड्यांचा असतो. विक्रेत्याला कुठला म्हणून विचारा. त्या दोन महिन्यांत तलावातला कटला, रोहू घेतला तर उत्तम. तो सोडलेला मासा आहे, त्याच्या गाभोळीची चिंता नाही. मात्र पावसाळ्यात नदीचा, पोट फुगलेला मासा समोर आला तर तो विकत घेऊ नका.